गॉर्गर बोलेना: १९७९ च्या पिनबॉल मशिनचा आवाज कसा दुरुस्त करावा?

टिळकवाडीकर

नमस्कार मंडळी. विल्यम्स कंपनीचं 'गॉर्गर' हे पिनबॉल मशिन (काचेखालच्या उतरत्या फळीवर बॉल उडवून गुण मिळवायचा खेळ) माझ्याकडे आलंय. गोव्यातल्या एका बंद झालेल्या हॉटेलचं सामान विकायला निघालं होतं, त्यात हे होतं. चोर्ला घाटातून टेम्पोत घालून बेळगावला आणलं. खेळ चालतो. फ्लिपर उडतात, दिवे लागतात, गुणांचे आकडेही सगळे उमटतात. आवाजाची मात्र दशा झाली आहे.

मशिन चालू केलं की स्पीकरमधून जाड हमिंग सुरू होतं आणि बंद करेपर्यंत थांबत नाही. बॉल बंपरला लागला की आवाज येतो, पण भलताच. एकाच टार्गेटला कधी एक सूर लागतो, कधी दुसराच. आणि बोलणं तर अजिबात नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गॉर्गर हे जगातलं पहिलं बोलणारं पिनबॉल. १९७९ चं. त्याला एकूण ७ शब्द येतात आणि त्यांच्याच जुळणीतून गॉर्गर नावाचा राक्षस खेळणाऱ्याला आव्हान देतो. मागे हृदयाचे ठोके चालू असतात आणि खेळ रंगेल तसे ते जलद होतात. ठोके मला ऐकू येतात, हमिंगच्या आडून का होईना. राक्षस मुका आहे. हे मशिन मुकं ठेवायचं नाही असं मनात घेतलंय. सुरुवात कुठून करू?

रेडिओकाका शहापूर

आधी स्पीकर, आयसी सगळं बाजूला ठेवा आणि लाईन सांगा. मशिन अमेरिकन आहे. तुम्ही ते २३० वर लावलंय की स्टेप-डाऊनवर? अर्थिंग आहे का? प्लग दोन पिनांचा आहे की तीन? जुन्या वस्तूच्या आवाजाची तक्रार आली की मी पहिल्यांदा प्लग हातात घेतो. व्हॉल्व्हच्या रेडिओपासून तीच सवय आहे.

टिळकवाडीकर

काका, स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरवर आहे, ११० व्होल्टचा. हॉटेलवाल्यांनीच दिला. त्याला दोनच पिना आहेत. अर्थ नाही.

रेडिओकाका शहापूर

मग तिथूनच धरा. पेटीचं लोखंड, कॉईनच्या दरवाजाची पट्टी, बोर्डांमागचा पत्रा हे सगळं मूळ वायरिंगमध्ये अर्थला बांधलेलं असतं. अर्थच नसेल तर लाईन फिल्टरमधून थोडा करंट पत्र्यावर येतो. हात लावला की झिणझिण्या येतात आणि त्याचा काही भाग आवाजातही शिरतो. तीन पिनांची वायर घाला आणि भिंतीतल्या सॉकेटला खरोखर अर्थ आहे का हेही बघा. आपल्याकडे जुन्या वाड्यांत तिसरं भोक असतं, त्याच्यामागे वायर नसते.

दुसरं म्हणजे पेटीत ट्रान्सफॉर्मरजवळ प्रायमरीच्या, म्हणजे लाईनकडच्या गुंडाळीच्या, जोडण्या असतात, त्या बदलून मशिन २३० वर घेता येतं. मॅन्युअलमधला नकाशा समोर ठेवूनच करा. तसं केलंत तर लाईनला लावलेला व्हॅरिस्टरही (जादा व्होल्टेजपासून वाचवणारा भाग) बदलावा लागेल. ११० साठीचा साधारण १३० ते १५० व्होल्टचा असतो, तो २३० वर लागलीच फुटेल. २७५ व्होल्टचा घाला. ट्रान्सफॉर्मर ६० हर्ट्झ धरून बनवलेला असेल तर आपल्या ५० वर थोडा जास्त तापेल. तासभर चालवून हात लावून बघा.

आणि आकड्यांच्या डिस्प्लेला ±१०० व्होल्टच्या आसपास पुरवठा असतो. मशिन बंद केल्यावरही कंडेन्सर भरलेले राहतात. हात घालण्याआधी थांबा, मीटर लावा, मग हात घाला.

मलप्रभा

काकांचं झालं की पुढे या. मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते आणि या काळातल्या विल्यम्सच्या बोर्डांवर थोडं काम केलंय.

तुमच्या तीन तक्रारी आहेत आणि त्यांची कारणं तीन वेगळ्या ठिकाणी असण्याची शक्यता जास्त. म्हणून एकच 'आवाजाचा बोर्ड गेला' असं धरून आयसी उपसायला लागू नका. या मशिनमध्ये आवाज कसा तयार होतो ते आधी डोळ्यांसमोर आणा.

मुख्य एमपीयू, म्हणजे खेळ चालवणारा प्रोसेसरचा बोर्ड, आवाज काढत नाही. तो फक्त हुकूम सोडतो. सिस्टीम ६ मध्ये, म्हणजे विल्यम्सच्या या पिढीच्या बोर्डांत, हा हुकूम ड्रायव्हर बोर्डावरच्या (कॉईल चालवणाऱ्या बोर्डावरच्या) ९ ते १३ या सोलेनॉइडच्या वाटांवरून जातो, म्हणजे पाच तारांवरून. त्या तारा आवाजाच्या बोर्डावर येतात. तिथे स्वतंत्र ६८०२ प्रोसेसर बसलेला आहे. तो ६८२१ या आयसीमधून हुकूम वाचतो, रॉममधला (कायमच्या मेमरीतला) प्रोग्राम चालवतो आणि १४०८ या डॅकला आकडे देतो. डॅक त्या आकड्यांचा व्होल्टेज करतो. पुढे व्हॉल्यूम, मग टीडीए२००२ ॲम्प्लिफायर, मग स्पीकर. बोलण्याचा बोर्ड वेगळा असून रिबन केबलने आवाजाच्या बोर्डाला जोडलेला आहे. शब्द त्याच्या रॉममध्ये असतात.

आता तुमच्या तक्रारी यावर ठेवा. हमिंग हे पुरवठ्याचं किंवा ॲम्प्लिफायरच्या बाजूचं लक्षण. भलते आवाज म्हणजे पाच तारांपैकी एखादी नीट पोचत नाही. ठोके ऐकू येतात म्हणजे ६८०२, आवाजाचा रॉम, डॅक आणि ॲम्प्लिफायर निदान जिवंत आहेत. मग बोलणं नाही याचं मूळ रिबन केबलच्या पलीकडे. एवढं तुम्ही नुसतं ऐकून ठरवलंत, अजून स्क्रू उघडलेला नाही.

आवाजाच्या बोर्डावर तपासणीचं एक छोटं बटण असतं. ते दाबलं की बोर्ड एमपीयूची वाट न बघता स्वतःची तपासणी करून आवाज काढतो. दाबून काय होतं ते लिहा.

भोंगेवाला निपाणी

मी साऊंड सिस्टीम भाड्याने देतो, सौंदत्तीच्या यात्रेपासून लग्नापर्यंत. पिनबॉल उघडून बघितलेलं नाही, पण टीडीए२००२ आणि २००३ रोजच्या ओळखीचे. कार स्टिरिओत गाड्या भरून वापरले गेलेत. २००३ हा २००२ च्या जागी तसाच बसतो, पाय सारखे. बेळगावात कुठल्याही जुन्या दुकानात मिळेल, किंमत किरकोळ.

बदलण्याआधी मात्र मीटर लावा. पाचवा पाय पुरवठा, तिसरा ग्राउंड, चौथा आउटपुट. चौथ्यावर पुरवठ्याच्या निम्म्याच्या आसपास डीसी दिसला पाहिजे. पुरवठ्याएवढा दिसला किंवा शून्य दिसला तर आयसी गेलाय असं समजा. निम्मा असेल तर आयसीला उगाच हात लावू नका. लोक हाच आयसी सगळ्यात आधी काढतात, कारण हीटसिंकवर बसलेला तोच नजरेत भरतो. जुन्या बोर्डाची तांब्याची पट्टी तेवढ्यात उखडते आणि नवं दुखणं पदरी पडतं.

स्पीकर वेगळा काढून दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. टक् आवाज येऊन कोन पुढे किंवा मागे हलला तर कॉईल शाबूत. हलताना खरखरलं तर कॉईल घासतेय.

टिळकवाडीकर

सगळ्यांचे आभार. आधी अर्थ. नवी तीन पिनांची केबल घातली, घराचा अर्थही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतला. दरवाजाला हात लावल्यावर येणाऱ्या झिणझिण्या गेल्या. हमिंग कमी झालं, पण गेलं नाही.

तपासणीचं बटण दाबलं. बोर्ड आवाज काढतो. टीडीए२००२ च्या चौथ्या पायावर ६.१ व्होल्ट आहेत, पाचव्यावर १२.४. स्पीकर टक् करतो, घासत नाही.

मलप्रभा

छान. म्हणजे ॲम्प्लिफायर वगळा. आता उरलेलं हमिंग व्हॉल्यूम शून्यावर नेल्यावर राहतं का? आणि ते ५० हर्ट्झचं आहे की १०० चं? मोबाईलवर फ्रिक्वेन्सी दाखवणारं कुठलंही ॲप चालेल, स्पीकरजवळ धरा.

टिळकवाडीकर

शून्यावरही राहतं. ॲपमध्ये सगळ्यात उंच काठी १०० वर आहे.

रेडिओकाका शहापूर

कंडेन्सर. आता शंका नको. पूर्ण ब्रिजमधून (एसीचा डीसी करणाऱ्या चार डायोडमधून) आलेल्या पुरवठ्यात लहर १०० ची असते आणि ती गाळायचं काम मोठ्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचं. ५० ची असती तर मी ब्रिजमधला एखादा डायोड उघडा पडलाय का किंवा अर्थ कुठे तुटलाय का हे बघायला लावलं असतं. इतक्या वर्षांचे कंडेन्सर आतून वाळलेले असणार, वरून कितीही चकचकीत दिसू देत. मीटर एसीवर ठेवून पुरवठ्यावर लावा, लहर आकड्यात दिसेल.

बदलताना व्होल्टेज मूळ आकड्यापेक्षा कमी नको, मायक्रोफॅरड मूळएवढे किंवा थोडे जास्त. १०५ डिग्रीचे घ्या. आणि प्लस-मायनस दोनदा बघा, कारण या बोर्डावर उणे पुरवठाही आहे. तिथल्या कंडेन्सरचा प्लस ग्राउंडला असतो.

मलप्रभा

त्याला जोडून सांगते. १४०८ डॅकला उणे पुरवठा लागतोच. तो नसेल तर डॅक गप्प बसतो आणि माणूस चांगला डॅक फेकून देतो. कंडेन्सर बदलल्यावर तिन्ही पुरवठे मोजून इथे लिहा. ५ व्होल्टचा पुरवठा ४.७५ ते ५.२५ च्या आत हवा.

उद्यमबाग

मी वेगळं सुचवतो. एवढं सगळं करण्यापेक्षा स्वस्तातलं एमपी३ मॉड्यूल घ्या, छोटा मायक्रोकंट्रोलर लावा, पाच तारा वाचा आणि त्या हुकुमाप्रमाणे मूळ आवाजाच्या फाईली वाजवा. आमच्या कारखान्यात जुन्या सीएनसीचे पॅनल आम्ही असेच बदलतो. मशिन चालू राहणं महत्त्वाचं, आत कुठला आयसी आहे याने ग्राहकाला काय फरक पडतो?

भोंगेवाला निपाणी

कारखान्यात पटतं. इथे नाही पटत.

मलप्रभा

उद्यमबाग, तुमचा मार्ग तांत्रिकदृष्ट्या चालेल, मी नाही म्हणत नाही. बोर्ड जळून कोळसा झालेला असता तर मीही तोच सुचवला असता. पण इथे बोर्ड आवाज काढतोय, फक्त अडखळतोय. आणि ठोक्यांचा वेग खेळाप्रमाणे वाढतो, तो ६८०२ त्या क्षणी तयार करतो. फाईली एकामागून एक लावल्या की ठोक्यांच्या मध्येच सांधा ऐकू येतो.

बोलण्याचंही तसंच. त्या बोर्डावर एचसी-५५५१६ नावाचा आयसी आहे. तो आवाजाचे तयार नमुने वाजवत नाही. त्याच्याकडे ० आणि १ ची एकच रांग येते. प्रत्येक बिट इतकंच सांगतो की आधीच्यापेक्षा वर जा की खाली ये. लागोपाठ सारखे बिट आले की आयसी पायरी मोठी करतो, उलटसुलट आले की लहान. एवढ्याशा माहितीतून शब्द उभा राहतो, म्हणून त्या आवाजाला घोगरा, खरखरीत कंठ आहे. १९७९ मध्ये मेमरी महाग होती. इतक्या कमी जागेत माणसाचा आवाज बसवायचा म्हणून हा मार्ग निवडला. मला विचाराल तर या मशिनमधली जपण्यासारखी वस्तू तीच आहे. ती चालू अवस्थेत बेळगावात असेल तर माझ्या विद्यार्थ्यांना दाखवायला मी स्वतः घेऊन येईन.

उद्यमबाग

ठोक्यांचं मला माहीत नव्हतं. बरोबर आहे तुमचं. मग पाच तारांचं मी सांगतो, कारण कनेक्टर हा आमचा रोजचा विषय.

पाच तारा म्हणजे १, २, ४, ८, १६ अशी वजनं. हुकूम ५ असेल तर ४ आणि १ या दोन तारा खाली ओढल्या जातात. ४ ची तार तुटली असेल तर आवाज ५ च्या जागी आवाज १ वाजेल. ६ च्या जागी २. म्हणजे ४ असलेले सगळे आवाज चुकतील आणि बाकीचे बरोबर येतील. उलट तार कायमची ग्राउंडला चिकटली असेल, म्हणजे ड्रायव्हर बोर्डावरचा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला असेल, तर ४ नसलेले आवाज चुकतील. आधी खेळाच्या चाचणीत आवाजाची चाचणी लावून ऐका. मग आवाजाच्या बोर्डाच्या इनपुट कनेक्टरवर एकेक पिन वायरने क्षणभर ग्राउंडला लावा. तिथे पाचही वेगवेगळे आवाज देत असतील तर बोर्ड चांगला, दोष तारेत किंवा ड्रायव्हर बोर्डावर. पिना मोजताना नकाशा जवळ ठेवा, शेजारी पुरवठ्याची पिन असेल तर घोटाळा होईल.

टिळकवाडीकर

कंडेन्सर बदलले. गणपत गल्लीत एक मिळाला, बाकीचे पुण्याहून बुधवार पेठेतून मागवले. हमिंग गेलं. रात्री घर शांत असताना स्पीकरला कान लावला तरच बारीकसं जाणवतं. पुरवठे: ५.०२, +१२.६, −१२.३.

आता ठोके इतके स्वच्छ ऐकू येतात की आई आतल्या खोलीतून विचारत आली, हे काय धडधडतंय म्हणून.

उद्यमबाग, तुमच्या पद्धतीने बघितलं. आवाजाच्या बोर्डावर पाचही पिना ग्राउंड केल्यावर आवाज देतात. खेळाच्या चाचणीत मात्र एक तार काहीच करत नाही. आणि ड्रायव्हर बोर्डाचा कनेक्टर बोटाने वर दाबून धरला की तीही वाजते. सोडला की बंद.

उद्यमबाग

सापडलं. बोर्ड काढा, उलटा करा आणि त्या हेडरच्या, म्हणजे कनेक्टर ज्यात बसतो त्या बोर्डावरच्या रांगेच्या, पिनांकडे भिंगातून बघा. सोनाराचं भिंग असेल तर उत्तम. दिवा बाजूने, तिरपा धरा.

टिळकवाडीकर

बघितलं. शहापुरात ओळखीचे सोनार आहेत, त्यांच्याकडून दहापट भिंग आणलं. साध्या डोळ्याला सगळे सोल्डर ठीक दिसत होते. भिंगाखाली एका पिनेभोवती पूर्ण गोल काळी कडी दिसली, केसाएवढी. टोकाने हलकेच ढकललं तर पिन त्या कडीच्या आत हलते आणि सोल्डर जागेवरच राहतं. शेजारच्या दोन पिनांनाही अर्धवट कडी आहे. इतकी वर्षं कनेक्टर काढ-घाल झाल्याने झालं असावं.

रेडिओकाका शहापूर

वरून नवं सोल्डर थापू नका. आधी जुनं शोषून काढा, पिन घासा, फ्लक्स लावा, मग नवं भरा. जुन्यावर नवं चढवलं तर काही महिन्यांत परत कडी पडते. आणि तीन दिसल्या म्हणजे त्या हेडरच्या सगळ्याच करा. एमपीयू आणि ड्रायव्हर बोर्ड यांच्यामधला चाळीस पिनांचा जोडही बघा. हुकूम त्याच वाटेने येतो आणि या पिढीच्या मशिनमध्ये तो बदनाम आहे.

मलप्रभा

एमपीयूवर तीन पेन्सिल सेलची पेटी असते, तिकडेही लक्ष द्या. सेल पाझरले असतील तर ते पाणी खाली जोडापर्यंत उतरतं. हिरवट-पांढरं काही दिसलं तर पांढऱ्या व्हिनेगरने पुसा, मग पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आणि पूर्ण वाळू द्या. सेलची पेटी बोर्डापासून लांब, वायरने बाहेर काढलीत तर पुढची काळजी मिटेल. आपल्याकडच्या पावसात पाझरलेला सेल फार लवकर बोर्ड खातो. खानापूरकडे तर विचारूच नका.

टिळकवाडीकर

सेल आधीच कोणीतरी काढून ठेवलेत, पेटी स्वच्छ आहे. हेडरच्या सगळ्या पिना नव्याने सोल्डर केल्या. पाचही तारा चालतात. बंपर, टार्गेट, ड्रेन, सगळ्यांना आपापला आवाज आला. काल संध्याकाळी गल्लीतली पोरं आवाजावरून ओळखत होती बॉल कुठे लागला ते.

राहिलं बोलणं.

मलप्रभा

आता रिबन केबल. मशिन बंद करून दोन्ही टोकं काढा, पिना अल्कोहोलने पुसा, परत घट्ट बसवा. मग बोलण्याच्या बोर्डावरच्या रॉमचे पाय बघा. ते सॉकेटमध्ये असतात. त्या काळच्या काही आयसींच्या पायांना चांदीचा मुलामा असे, तो हवेतल्या गंधकाने काळा पडतो. काळा थर वीज नीट जाऊ देत नाही.

६८०२ रिबन केबलवरून त्या रॉममधले बाईट वाचतो, त्यातला एकेक बिट ५५५१६ ला सरकवतो. म्हणजे केबलमधली एक तार किंवा रॉमचा एक पाय नीट टेकला नाही तरी शब्दाचा चिखल होतो.

टिळकवाडीकर

केबल साफ करून बसवली आणि तो बोलला! पण तुटक. काही शब्द स्पष्ट येतात, काहींच्या जागी नुसती फरफर. कुठले येतात ते ठरलेलं आहे, दर वेळी तेच.

मलप्रभा

दर वेळी तेच शब्द बिघडतात याचा अर्थ ५५५१६ चांगला आहे. तो गेला असता तर सगळेच शब्द बिघडले असते. एखाद्या रॉममधला भाग वाचला जात नाही. रॉम माझ्याकडे आणा, कॉलेजात प्रोग्रामर (रॉम वाचायचं-भरायचं यंत्र) आहे, वाचून बघू. काढताना दोन्ही टोकांकडून थोडं थोडं उचला. पाय काळे असतील तर ते मुळाशी ठिसूळ असतात.

मलप्रभा

टिळकवाडीकर येऊन गेले, म्हणून निकाल मीच लिहिते. चारपैकी तीन रॉम दर वाचनाला सारखे आले. चौथा प्रत्येक वाचनाला वेगळा. त्याचे पाय शाईसारखे काळे. खोडरबराने पायांच्या दोन्ही बाजू हलक्या हाताने घासल्यावर आतला धातू दिसला, आणि मग वाचन स्थिर झालं. कोपऱ्यातला एक पाय मात्र मुळाशीच कुजलेला होता, घासताना सुटून आला. त्याच्या बुंध्याचा ठिपक्याएवढा धातू आयसीच्या अंगाबाहेर शिल्लक होता. रेझिस्टरच्या पायाचा तुकडा सरळ करून त्या ठिपक्यावर फ्लक्स लावून टेकवला आणि पटकन सोल्डर केला. जास्त वेळ उष्णता दिली तर आतली जोडणी जाते. वाचून बघितलं, मजकूर शाबूत. लगेच चारही रॉमची प्रत संगणकावर ठेवली.

पुढे कधी नवा रॉम भरायचा झाला तर सगळ्यांनी एक लक्षात ठेवा. हे रॉम २५३२ जातीचे आहेत. दुकानदार २७३२ पुढे करेल, कारण तो सहज मिळतो आणि आकारही तोच, २४ पायांचा. पण काही पायांची कामं वेगळी आहेत. तसाच सॉकेटात घातला तर चालणार नाही. मध्ये पाय बदलणारा अडॅप्टर लागतो. मूळ २५३२ हवा असेल तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा बेंगळुरात एसपी रोडला जुन्या मालाच्या दुकानात विचारा. घेतल्यावर कोरा आहे ना हे तिथेच वाचून घ्या.

सॉकेटही बदलायला सांगितलेत. जुन्या सॉकेटच्या पात्या सैल झाल्यात, स्वच्छ पाय घालूनही पकड येत नाही. गोल पिनांचे चांगले सॉकेट घ्या, स्वस्तातले नकोत.

टिळकवाडीकर

सॉकेट बदलले. रॉम बसवले. गॉर्गर सातही शब्द बोलतो. सातही.

काल काका स्वतः शहापुरहून आले होते. पहिल्यांदा स्पीकरजवळ कान नेऊन हमिंग ऐकलं, मग 'आता टाका बॉल' म्हणाले. राक्षस बोलल्यावर काही न बोलता खुर्ची ओढून बसले आणि नंतर बराच वेळ खेळत होते.

एक प्रश्न राहिला. स्पीकरचा कागद कडेला थोडा फाटलाय. मोठ्या आवाजात बोलताना तिथून फडफड येते. नवा स्पीकर घालू का? बाजारात चांगले कार स्पीकर मिळतात.

भोंगेवाला निपाणी

ओहम बघून घाला. चुंबकामागे लिहिलेला आकडा बघा. तो ८ असेल तर ८ च घाला. तिथे ४ घातला तर आयसीवर ताण येईल, तापेल. मीटरवर डीसी मोजाल तर ८ ओहमचा स्पीकर ६-७ दाखवतो, घाबरू नका.

पण मला विचाराल तर मूळ स्पीकर वाचवा. कागद फाटला असेल तर टिश्यू पेपरचा बारीक तुकडा आणि पातळ केलेला फेव्हिकॉल, दोन्ही बाजूंनी. सुकल्यावर कडक वाटेल पण फडफड जाते. कार स्पीकर उंच सुरांना जास्त धार देतो. त्या ५५५१६ ची खरखर आहे ती मूळ कागदी कोनात मुरते, नव्यात टोचेल. निपाणीला आणलंत तर मी करून देतो, पैसे नकोत. बोलताना ऐकायचंय मला.

टिळकवाडीकर

येतो. रविवारी येऊ का?

भोंगेवाला निपाणी

या. लग्नाची ऑर्डर नाही या रविवारी. स्पीकर जाळीसकट आणा, जाळी सैल असली तरी फडफडते.

गडहिंग्लजकर

धागा सुरुवातीपासून वाचला. माझ्याकडे बॅली कंपनीचं १९८१ चं 'एट बॉल डिलक्स' हे पिनबॉल आहे. तेही मुकं झालंय. आवाज येतो, बोलणं येत नाही. वर सांगितलेलं सगळं जसंच्या तसं करू का?

मलप्रभा

जसंच्या तसं नको. क्रम तोच ठेवा: अर्थ, पुरवठे, ॲम्प्लिफायर, कनेक्टर, मग आयसी. पण बॅलीचा तो बोर्ड वेगळा आहे, 'स्क्वॉक अँड टॉक'. त्यात बोलण्यासाठी टीएमएस५२०० नावाचा आयसी आहे आणि त्याची पद्धत ५५५१६ पेक्षा अगदी निराळी. त्याला शब्दाचे बिट लागत नाहीत, आवाजाच्या नळीचे (घसा-तोंडाच्या पोकळीचे) गुणांक, म्हणजे ती आवाज कसा घडवते ते सांगणारे आकडे, लागतात. त्या बोर्डावर एक छोटा एलईडी असतो. मशिन चालू केल्यावर तो स्वतपासणीप्रमाणे ठरावीक वेळा लुकलुकतो. किती वेळा लुकलुकून थांबतो ते मोजा, मॅन्युअलमधल्या यादीशी ताडून बघा, कुठला भाग तपासणीत अडतोय ते तिथेच कळेल. नवा धागा उघडा, बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो टाका, आणि सगळे पुरवठे मोजून पहिल्याच पोस्टमध्ये लिहा.